दातांनी लिहून ठेवलेलं बाईचं काम



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाचे कर्जाचे फॉर्म भरायचे होते. नाव, गाव, वय, आधार नंबर असं भरत भरत आम्ही ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी आलो आणि दर वेळेसारखंच तिथं अडलो. बारा जणींपैकी नऊ जणी म्हणाल्या, “लिही, घरीच असते.” त्या नऊ जणींत पहाटे उठून दोन म्हशींची धार काढणारी होती, खुरपणीला रोजानं जाणारी होती, सासूचं दुखणं काढणारी होती, तीस वर्षं ब्लाऊज शिवणारी होती. कागदावर मात्र सगळ्या घरीच.

शिवणकाम करणाऱ्या काकूंना आम्ही म्हटलं, “काकू, तुम्ही तरी शिवणकाम लिहा की.” त्या हसल्या. हसताना त्यांच्या पुढच्या दाताला पडलेली बारीक खाच दिसली. “दोरा तोडून तोडून पडलीय बघा,” त्या म्हणाल्या. “कात्री हाताशी असते, पण दात जवळ पडतो.”

तेव्हा आमच्या लक्षात आलं. फॉर्मनं काकूंचं काम लिहिलं नाही, पण त्यांच्या दातानं ते लिहून ठेवलंय. आज याच गोष्टीवर बोलायचं आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे दात अभ्यासकांनी तपासले, तेव्हा ती माणसं काय खात होती आणि दिवसभर काय काम करत होती ते त्यांना समजलं. त्यात बायकांच्या कामाबद्दल असं बरंच काही निघालं, जे कुठल्याही पोथीत, ताम्रपटात किंवा दप्तरात लिहिलेलं नाही.

आधी एक साधा प्रश्न. दातच का? माणूस गेल्यावर मांस जातं, केस जातात, हाडंही बऱ्याच ठिकाणी मातीत विरतात. दात टिकतात. दाताचं वरचं पांढरं कवच, ज्याला डॉक्टर इनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू आहे. हाड मोडलं तर सांधतं, त्वचा फाटली तर भरून येते. पण हे कवच एकदा तयार झालं की पुन्हा बनत नाही. त्यावर पडलेली खाच, ओरखडा, खड्डा तसाच राहतो. शिवाय दातांवर पिवळट कीट साचते, ती घट्ट होऊन दगडासारखी बनते. दातांचा डॉक्टर जी खरवडून काढतो, तीच. त्या कीटीत आपण खाल्लेल्या अन्नाचे, तोंडात गेलेल्या धुळीचे बारीक कण अडकून बसतात आणि हजारो वर्षं तसेच राहतात. म्हणजे दात ही एक वहीच झाली. तिच्यात आपण लिहीत नाही, आपलं रोजचं जगणं लिहितं.

ही वही फार चांगली वाचली गेली, अशा एका गावाची गोष्ट सांगतो. गावाचं नाव अबू हुरेरा. सीरिया देशात युफ्रेटिस नदीच्या काठावर ते होतं. तिथं सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीपासून माणसं राहत होती. आधी शिकार करून आणि रानातलं धान्य वेचून जगत होती, पुढे शेती करू लागली. जगात शेती जिथं पहिल्यांदा सुरू झाली, त्या पट्ट्यातलं हे गाव. १९७२ आणि १९७३ साली अँड्र्यू मूर यांच्या चमूनं तिथं घाईनं उत्खनन केलं. घाई अशासाठी की नदीवर धरण होत होतं आणि ती जागा पाण्याखाली जाणार होती. धरणात गाव जाणं म्हणजे काय ते आपल्याकडच्या कित्येक घरांना माहीत आहे. अबू हुरेराही पाण्याखाली गेलं. पण त्याआधी तिथली हाडं आणि दात बाहेर काढून ठेवले होते.

लंडनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या थिया मॉलेसन या बाईंनी ती हाडं वर्षानुवर्षं तपासली. सुमारे १६० माणसांचे अवशेष होते. त्यांना काही सांगाड्यांत एकसारखंच दुखणं दिसायला लागलं. पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला, गुडघ्यावर ताणाच्या खुणा, कमरेजवळचे मणके दबलेले. असं कुठल्या कामानं होतं? मॉलेसन यांनी उत्तर शोधलं ते दळण्यात. त्या काळी आपल्यासारखं गोल फिरणारं जातं नव्हतं. जमिनीवर ठेवलेला पसरट दगड आणि त्यावर दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटायचा दुसरा दगड, आपल्या पाट्या-वरवंट्यासारखा. गुडघे टेकून बसायचं, पायाची बोटं मागं दुमडून जमिनीत रोवायची आणि सगळं अंग पुढं झोकून दगड रेटायचा. रोज, काही तास, जन्मभर. अंगठा झिजणार नाही तर काय होईल? आणि अशी हाडं बहुतेक बायकांची होती.

आता दातांकडे या. दगडावर दळलं की दगडाची बारीक कच पिठात उतरते. तुमच्यापैकी ज्यांनी नवीन टाकी दिलेल्या जात्यावरचं दळण खाल्लं असेल, त्यांना भाकरीतली कचकच आठवेल. अबू हुरेराच्या माणसांनी ती कच रोज चावली. त्यांच्या दाढा झिजल्या होत्या, काहींचे दात खडा किंवा कडक दाणा लागून तुटले होते. म्हणजे दळणाऱ्या बाईचे कष्ट तिच्या अंगठ्यात आणि मणक्यात उतरले, आणि तेच कष्ट पिठातून सगळ्या गावाच्या दातांत उतरले. खाणाऱ्याला कदाचित आठवतही नसेल की पीठ कुणी केलं. दाताला ते आठवत होतं.

याच गावात काही मोजक्या माणसांच्या पुढच्या दातांवर वेगळ्याच खाचा मिळाल्या. त्या खाण्यानं पडलेल्या नव्हत्या. लव्हाळं किंवा वेत दातात धरून ओढत राहिलं की अशा खाचा पडतात. टोपल्या विणणाऱ्या माणसाला दोन हात पुरत नाहीत, तिसरा हात म्हणजे तोंड. आपल्याकडे दुरड्या, सुपं विणणाऱ्या घरांत जाऊन बघा, एक टोक हातात, एक पायाखाली आणि एक दातात असतं. अबू हुरेराची टोपली कधीच कुजून गेली. पण ती विणणारी माणसं गावात होती आणि ते काम काही ठरावीक जणांकडेच होतं, हे त्या दातांनी सांगितलं. आमच्या काकूंच्या दाताची खाच आणि त्या दातांची खाच यांत हजारो वर्षांचं अंतर आहे, पण गोष्ट एकच आहे.

पुढे त्या गावात दोन साध्या वस्तूंनी दात बदलले. एक चाळण आणि दुसरं मातीचं मडकं. पीठ चाळून घेतलं की कच आणि टरफलं बाजूला पडतात. मडकं आलं तशी धान्य शिजवून मऊ पेज करता येऊ लागली. दातांवरचे ओरखडे कमी झाले. लहान बाळाला पेज भरवता येऊ लागली, तसं अंगावरचं दूध लवकर तोडणंही शक्य झालं. पण दूध लवकर सुटलं की पुढचं बाळंतपण लवकर येतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि मऊ, पिठूळ, दातांना चिकटणारं अन्न वाढलं तशी दातांना कीडही लागायला लागली. एक त्रास गेला, दुसरा आला. स्वयंपाकघरात आलेली कुठलीही नवी वस्तू बाईच्या अंगावरून जाते ती अशी.

आता आपल्या जवळ येऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं. आजपासून सुमारे ३६०० वर्षांपूर्वी तिथं शेतकऱ्यांची वस्ती उभी राहिली आणि ती नऊशे वर्षं टिकली. हे लोक प्रामुख्यानं जव पिकवत. मसूर, कुळीथ, वाल, वाटाणा अशी कडधान्यं होती. गाईबैल, शेळ्यामेंढ्या होत्या, नदीचे मासे होते. शेताला पाणी देण्यासाठी त्यांनी पाटही काढला होता. पुढे पाऊसमान बिघडलं, तशी मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. दुष्काळानं घर लहान होतं हे आपल्या भागाला नवीन नाही.

इनामगावचे लोक आपली माणसं घराच्या जमिनीखालीच पुरत. दोनशेहून जास्त दफनं तिथं मिळाली आणि त्यांत लहान मुलांचीच जास्त आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत बाळ ठेवायचं. ज्या घरात बाळ गेलं, त्याच घराच्या जमिनीखाली. पुन्हा त्याच जमिनीवर आईनं चूल पेटवायची, सारवायचं, झोपायचं. हे वाचलं तेव्हा आमच्या बैठकीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

या मुलांचे दुधाचे दात जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे या अभ्यासकांनी तपासले. काही मुलांच्या सुळ्यावर त्यांना लहान गोल खड्डा दिसला. तो कीड लागून पडलेला नव्हता, दात बनतानाच तिथं कवच नीट तयार झालं नव्हतं. दुधाचा सुळा तयार व्हायला लागतो तो बाळ आईच्या पोटात असताना, आणि पूर्ण होतो जन्मानंतरच्या काही महिन्यांत. त्या काळात बाळाला पोषण कमी पडलं तर असा खड्डा राहू शकतो, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे तो खड्डा एकट्या बाळाचा नाही. गरोदर आईच्या ताटात काय होतं आणि काय नव्हतं, तेही त्यात आहे. अंगणवाडीताई आपल्याला पहिल्या हजार दिवसांबद्दल सांगतात ना? तेच हे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळाच्या दातानंही तेच सांगितलं.

दातांत सगळं दुःखच सापडतं असं नाही. हरियाणात रोहतक जिल्ह्यात फरमाणा नावाचं सिंधू संस्कृतीच्या काळातलं गाव आहे, चार हजार वर्षांहून जुनं. तिथल्या उत्खननातही डेक्कन कॉलेजचा वाटा होता. अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तिथली मडकी आणि माणसांचे दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. काय मिळालं सांगू? हळद आणि आलं. त्यांच्या पिष्टाचे कण मडक्याला चिकटलेले आणि दातांनाही. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आलं ठेचलं, हळद घातली, रांधलं आणि वाढलं. त्या रांधणाऱ्या हाताचं नाव आपल्याला कळणार नाही. पण तिची आमटी कशी असेल याचा अंदाज मात्र आपण सगळ्याच बांधू शकतो.

आणखी एक गोष्ट लांबच्या मुलखातली आहे, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीत डालहाइम इथं जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती साध्वींचा मठ होता. मठ पुढे आगीत गेला, तिथलं एकही पुस्तक उरलं नाही. तिथल्या दफनभूमीत एका बाईचा सांगाडा मिळाला. वय ४५ ते ६० च्या मधलं, काळ सुमारे इसवी सन १००० ते १२०० चा. तिच्या दातांच्या कीटीत अनिता रादिनी यांना निळे कण दिसले. खूप तपासण्या केल्यावर कळलं की तो लाजवर्द आहे. लाजवर्द म्हणजे अफगाणिस्तानातल्या डोंगरातून येणारा निळा दगड. त्याचा रंग त्या काळी सोन्याच्या तोलाचा होता आणि धर्मग्रंथांतली सर्वांत महत्त्वाची चित्रं रंगवायला वापरत. इतका महाग रंग कसबी कलाकाराच्याच हाती देत.

तोवर समज असा होता की हे ग्रंथ पुरुष साधूंनीच लिहिले आणि रंगवले. बायका बहुधा ग्रंथांवर नाव घालत नसत, म्हणून त्यांनी ते केलंच नाही असं धरलं गेलं. पण या बाईच्या दातांत निळा रंग कशानं आला? अभ्यासकांना सर्वांत पटणारं उत्तर असं की ती चित्रं रंगवत होती आणि कुंचल्याला बारीक टोक आणायला तो ओठांत घेत होती. सुईत दोरा ओवताना आपण दोऱ्याचं टोक ओलं करतो, तसं. २०१९ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. तिची पुस्तकं जळाली, नाव गेलं. आठशे-हजार वर्षांनी तिच्या दातांनी सांगितलं की ही चित्रकार होती.

मैत्रिणींनो, आता दातांच्या दुखण्याबद्दल थोडं बोलू, कारण तिथंही बाईची गोष्ट वेगळी आहे. शेती आल्यावर सगळ्यांच्याच दातांना कीड वाढली, पण बऱ्याच ठिकाणी बायकांच्या दातांना ती पुरुषांपेक्षा जास्त वाढली. लोक म्हणतात, स्वयंपाक करता करता बाई सारखी तोंडात टाकत असते म्हणून. ज्यांनी इनामगावचे दात पाहिले त्याच लुकाक्स यांनी २००८ साली मांडलं की कारण एवढंच नाही. शेतीबरोबर बाळंतपणं वाढली. गरोदरपणात शरीरात बदल होतात, लाळेत बदल होतो. लाळ दातांना धुते, जपते. मुळात बायकांच्या तोंडात लाळ पुरुषांपेक्षा कमी असते. खाण्याच्या सवयी आणि बाईचं शरीर, दोन्ही मिळून हा फरक पडतो. म्हणजे किडलेला दात हा बाईच्या चरण्याचा पुरावा नाही.

आपल्याकडे असंही म्हणतात की बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून दात जातात. ते खरं नाही. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या आहारातून मिळतं, आहारात कमी पडलं तर तिच्या हाडांतून जातं, दातांतून नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, उलट्यांच्या आंबट पाण्यानं दात खराब होतात आणि दात घासायचं राहून जातं, त्यानं नुकसान होतं. उलटी झाल्यावर साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, घासायचं थोड्या वेळानं. आणि दुखलं तर गरोदरपणातही दातांच्या डॉक्टरकडे जाता येतं. बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत दातांचा विभाग असतो.

दुखणं अंगावर काढायची आपली सवय मोठी आहे. घरातल्या सगळ्यांची दुखणी झाली की मग बाईचा दात. पण बलुचिस्तानात मेहरगड नावाचं एक प्राचीन गाव आहे. तिथं साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकानं भोक पाडलेलं सापडलं. मणी घडवणारे कारागीर जे सामतं वापरायचे, तसल्याच हत्यारानं. त्या माणसांत बायकाही होत्या. भोकाच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे त्यानंतरही ती माणसं जगली, जेवली. नऊ हजार वर्षांपूर्वी गारगोटीनं का होईना, दाताकडे कुणीतरी बघितलं होतं. आज तालुक्याला दवाखाना आहे आणि आपण लवंग दाबून गप्प बसतो.

लवंगेपर्यंत ठीक. पण दात दुखला म्हणून मिश्री लावली आणि मग सुटलीच नाही, अशा आपल्यात कितीजणी आहेत? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं दुखणं जात नाही, हिरड्या मात्र जातात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दगडाची कच अबू हुरेराच्या बायकांच्या तोंडात इलाज नव्हता म्हणून गेली. मिश्री आपण आपल्या बोटानं लावतो. एवढा फरक लक्षात ठेवू.

उद्या हजार वर्षांनी कुणी आपले दात तपासले तर काय वाचतील? काकूंचा दोरा वाचतील. केसाचा आकडा दातानं उघडायची सवय वाचतील. साखरेचा चहा वाचतील, मिश्री वाचतील. पण म्हशीची धार, सासूचं दुखणं, विहिरीवरून आणलेलं पाणी, गटाचा हिशोब, हे दातावर उमटत नाही. दात सगळं लिहू शकत नाही. सरकारनं २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेचा हिशोब घेतला. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सुमारे ३०० मिनिटं जातात असं निघालं, म्हणजे पाच तास. पुरुषांत जे घरकाम करतात, त्यांची मिनिटं शंभराच्या आत. हे पाच तास आपल्या फॉर्मवर ‘घरीच असते’ या दोन शब्दांत मावतात.

त्या दिवशी आम्ही फॉर्म पुन्हा हातात घेतले. नऊ जणींच्या रकान्यात आता दुग्धव्यवसाय, शेतमजुरी, शिवणकाम, शेती असं लिहिलं आहे. एकीनं विचारलं, “पण आजारी माणसाचं करणं कुठं लिहायचं?” त्याला रकाना नव्हता. मग गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आम्ही तेही लिहिलं, तिच्या नावासकट.

पुढच्या बैठकीत तुम्हीही एवढं करून बघा. प्रत्येकीनं पहाटेपासून रात्रीपर्यंत केलेलं काम सांगायचं आणि जिला लिहिता येतं तिनं ते वहीत उतरवायचं. अबू हुरेराच्या बाईला वही नव्हती. आपल्याकडे आहे.

आणि उठता उठता काकूंना कात्रीही द्यायची. आम्ही दिली. पण त्या अजून दातच वापरतात.